सात वर्षांचं मूल मे महिन्यात ठेवायचं कुठे?

आज 1 मे. शाळेत झेंडावंदन झालं, लेकीचा निकाल हातात पडला. पहिलीतून दुसरीत गेली. निकालाला पिन लावून एक कागद होता, पालकांसाठी सूचना. मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका. त्यांना वेळ द्या. गावाला न्या, आजी-आजोबांच्या गोष्टी ऐकवा. सगळ्यात खाली, शाळा 15 जूनला सुरू. आणि बाई तोंडानेही म्हणाल्या, "यंदा आईने जरा रजा काढा हं." आईने. बाबा माझ्या शेजारीच उभा होता, त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून डोकं तापलंय. आज कामगार दिनही आहे ना? मग आज हे लिहिणारच.

गेल्या मेमधली गोष्ट. आमच्या पाळणाघरवाल्या काकू पुतण्याच्या लग्नाला दहा दिवस कोकणात गेल्या. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. नवऱ्याची रजा त्याआधीच संपलेली. चार दिवस इकडेतिकडे करून काढले, पाचव्या दिवशी लेकीला घेऊन डोंबिवलीहून लोकल पकडली आणि तिला माझ्या बँकेच्या शाखेत नेलं. माझ्या काउंटरमागे, रेकॉर्डच्या कपाटाला टेकवून स्टुलावर बसवली. जुन्या पे-इन स्लिपा दिल्या, मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढ म्हटलं. आणि बजावलं, इथून उठायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही.

दुपारी अडीच वाजता मागे वळून पाहिलं तर तिचा फ्रॉक ओला होता. स्टुलाखाली थारोळं. ती स्लिपांवर हात ठेवून अगदी सरळ बसली होती. म्हटलं, अगं, हाक का नाही मारलीस? म्हणाली, "रांग होती ना."

हे इथे लिहू की नको, दोनदा विचार केला. पण सूचना लिहिणाऱ्यांना हेही कळू दे.

सुट्टी नको असं मी म्हणत नाहीये. मुलांना सुट्टी हवीच. पण जरा हिशेब करा. शाळेला वर्षात 76 पर्यंत सुट्ट्या, रविवार वेगळे. मला कॅज्युअल 12. पीएल, म्हणजे साठवलेली हक्काची रजा आहे, कबूल, पण मेमध्ये अर्धी शाखा पीएल मागते आणि मिळते दोघांना. त्या 12 मध्ये लेकीचा ताप, शाळेची मीटिंग, गणपती, सासूबाईंचे डॉक्टर. नवऱ्याची रजा आणि माझी रजा आलटूनपालटून लावली तरी जून उजाडत नाही. आणि मग एकत्र रजा कधी? कधीच नाही.

लोक लगेच सुचवतात, उन्हाळी शिबिराला घाल की. घातलं होतं. साडेनऊ ते बारा! मी पावणेआठला घर सोडते, संध्याकाळी सातला परत येते. बारा वाजता मातीचे गणपती घेऊन बाहेर आलेलं मूल घरी आणणार कोण? ही शिबिरं ज्यांच्या घरी दिवसा कोणीतरी असतं त्यांच्यासाठी आहेत. मामाचं गाव म्हणाल, तर मामा हिंजवडीत आहे, मामी पण नोकरी करते आणि त्यांचंच मूल पाळणाघरात आहे.

पाळणाघराचंही सांगते. यंदा काकू म्हणाल्या, आता तिला नाही ठेवत. मोठी झाली, दुपारी झोपत नाही, तान्ह्या पोरांना उठवते. मला राग आला, पण दोन खोल्यांत चौदा मुलं सांभाळतात त्या, त्यांचंही बरोबरच आहे. लग्नाला जाऊ नये का त्यांनी? जावंच. सगळ्या आयांची नोकरी त्या एका बाईच्या सुट्टीवर उभी आहे, हे मात्र बरोबर नाही.

कायदा आहे म्हणे. आहे. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, 2017 पासून. आमच्या शाखेत आम्ही 14 जण. कारखान्यांचा 1948 चा कायदा 2025 पर्यंत होता, त्यात 30 पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर, तेही सहा वर्षांखालच्या मुलांना. अंगणवाडीही सहापर्यंतच. सातव्या वर्षी काय होतं नेमकं? मूल स्वतःचं स्वतः कुकर लावतं? दार आतून लावून बारा तास बसतं? सात वर्षांचं मूल हाक मारायची की नाही हेसुद्धा रांग बघून ठरवतं हो.

आणि त्याच वेळी गावातल्या सगळ्या शाळा कुलूप लावून बंद. पंखे आहेत, संडास आहेत, नळ आहेत, मैदान आहे, गेटवर वॉचमन आहे. दीड महिना रिकाम्या! शिक्षकांना राबवा असं मी म्हणत नाही, त्यांना निवडणूक आणि जनगणना पुरे झाली. पण चार-पाच बायकांना नीट पगार देऊन खालच्या मजल्यावरचे तीन वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात उघडे ठेवता येत नाहीत? पैसे घ्या आमच्याकडून, देतो आम्ही. कॅरम ठेवा, गोष्टीची पुस्तकं ठेवा, दुपारी सतरंजी घाला. शिकवू नका काही.

जिला पैसे देणं जमत नाही तिच्यासाठी महापालिकेच्या शाळा उघडा. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी मेमध्ये त्यांच्या नातीला घेऊन येतात. आठ वर्षांची आहे. पाच घरं फिरते त्यांच्याबरोबर. आमच्याकडे ती चपला काढून जिन्यातच बसते, आत ये म्हटलं तरी येत नाही. परवा मी तिच्या हातात आंब्याची फोड दिली तर तिने आधी आत आजीकडे पाहिलं. मला एकदम ते शाखेतलं स्टूल आठवलं. माझ्याकडे निदान स्टूल तरी होतं.

लिहितालिहिता राग थोडा उतरला. शाळेतल्या बाईंचंही लेकरू असेल, त्याचंही कुठेतरी बघत असतील त्या. पण तो कागद मी फ्रिजवर लावणार नाहीये.

मघाशी लेकीने विचारलं, "आई, उद्या मी बँकेत येऊ? मी आता मोठी आहे, मला शू धरता येते." मी पोळ्या लाटत होते, तशीच लाटत राहिले.

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून फार लांब नको, सकाळी साडेसात ते संध्याकाळी सात, सात वर्षांच्या मुलीला ठेवून घेणारं कोणी माहीत असेल तर कृपया इनबॉक्स करा. एखादी घरी असलेली आजी असली तरी चालेल. दोन वेळचा डबा मी देईन. मुलगी शांत आहे. फक्त अधूनमधून तिला विचारावं लागतं, ती आपणहून सांगत नाही.