मनगट सोडा, आधी संहिता वाचा

स्ट्रेट नटाने गे माणसाची भूमिका करावी की नाही, यावर वर्षातून दोन-तीनदा तरी फेसबुकवर रान पेटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. करावी, खुशाल करावी. पण एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या मोसमात आपल्याकडे ती ज्या पद्धतीने होते, त्याला माझा सपशेल विरोध आहे.

पद्धत ठरलेली. मनगट सैल, कंबर मुरडलेली, आवाज दोन पट्ट्या वर. नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात पहिल्या एन्ट्रीलाच हशा येतो आणि नटाला वाटतं, जमलं! ही खोड येते कुठून, तेही उघड आहे. पुरुषाने बाई वठवण्याची आपली परंपरा जुनी. ज्या फाळक्यांचा आपण नाशिककर अभिमान मिरवतो, त्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती होते अण्णा साळुंके, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच. ती अवघड कला आहे, मान्य. पण तिथे नट बाई उभी करत असतो. गे पुरुषाला पुरुष आवडतो, एवढंच; त्यासाठी त्याला बाई व्हावं लागत नाही. काही गे पुरुष बायकी असतात, तसे काही स्ट्रेटही असतात. पात्र तसं असेल तर ते संहितेत यायला हवं, ग्रीनरूममध्ये ऐनवेळी ठरायला नको.

‘अलीगढ’ हा चित्रपट पुन्हा एकदा बघा. प्रा. रामचंद्र सिरास अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, मराठीत कविता लिहायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं, १ एप्रिलला अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना दिलासा दिला आणि आठवड्याभरात ते घरात मृतावस्थेत सापडले. मनोज बाजपेयींनी हा माणूस कसा उभा केलाय? खोलीत एकटे, हातात ग्लास, लताबाईंचं जुनं गाणं लागलेलं, डोळे मिटलेले, मधेच एखादी ओळ गुणगुणतात. ‘गे’ म्हणून चिकटवलेली एकही लकब नाही. गाण्यात बुडालेला, संकोची, साठी उलटलेला मास्तर दिसतो.

आता कामाचं. समजा पात्र सिडकोत आई-वडिलांबरोबर राहतं, अंबडच्या कंपनीत शिफ्ट करतं, तिशी उलटलीय, स्थळं येतायत. आधी ठरवा, गोष्ट कोणत्या साली घडते. २ जुलै २००९ ला दिल्ली हायकोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले, ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानेच ते संबंध पुन्हा गुन्ह्यातून बाहेर काढले. २०१४ मध्ये या मुलाला लुबाडणारा पोलिसांचं नाव घेईल, २०१९ मध्ये ‘घरी सांगेन’ म्हणेल. घाबरणं दोन्हीकडे आहे, पण एकात त्याचं लक्ष रस्त्याकडे असेल, दुसऱ्यात आईच्या मोबाइलकडे. हे न ठरवता तालमीला उभं राहिलं की नट नुसता ‘दुःखी’ दिसतो.

मग तीन याद्या करा. कोणाला माहीत आहे, कोणाला संशय आहे, कोणाला कळताच कामा नये. प्रत्येक प्रवेशाआधी विंगेत उभं राहून नटाने मंचावरचा माणूस कोणत्या यादीतला ते आठवायचं. आवाज आणि अंतर आपोआप बदलतं. आणखी एक निरीक्षण, जे जवळजवळ सगळे नट चुकवतात: मित्राच्या गळ्यात हात टाकून कॉलेज रोडवर फिरणं आपल्याकडे सर्रास चालतं, त्याचं कोणालाच काही वाटत नाही. ज्याला लपवायचंय तोच तो हात आधी काढून घेतो. जास्त स्पर्श करणारा गे मुलगा दाखवण्यापेक्षा हा एक काढून घेतलेला हात दाखवा.

सगळ्यात जास्त फसतं ते जवळिकीच्या प्रसंगात. ‘शोच्या दिवशी बघू’ म्हणून तो तालमीत टाळला जातो, मग प्रयोगात नट तव्याचा चटका बसल्यासारखा हात मागे घेतो. प्रेक्षकाला पात्राची भीती दिसत नाही, नटाची किळस दिसते. उपाय साधा आहे. ऑडिशनच्या सूचनेतच लिहा: मिठी आहे, चुंबन आहे की नाही. काय चालेल, काय नाही, हे दोघा नटांना वेगवेगळं विचारा. तालीम बंद दाराआड घ्या. आत फक्त ते दोघं, दिग्दर्शक आणि संहिता धरणारा. आकडे बांधा: तीन मोजेपर्यंत नजर, मग उजवा हात खांद्यावर, दोन मोजेपर्यंत थांबा, मग कपाळाला कपाळ. ते संहितेत लिहून ठेवा, आणि दोघांना विचारल्याशिवाय बदलू नका. प्रेक्षकांत खुसखुस होणारच. तेव्हा घाई करायची नाही, आवाज चढवायचा नाही; आहे त्याच जागी थांबायचं आणि हशा उतरला की पुढचं वाक्य जरा खालच्या पट्टीत घ्यायचं.

कास्टिंगची खरी मेख वेगळीच आहे. टॉम हँक्स, फिलिप सेमोर हॉफमन, शॉन पेन यांना गे भूमिकांसाठी ऑस्कर मिळालं, आपल्याकडेही अशा भूमिकेला ‘धाडसी’ म्हणतात. (हँक्सनेच २०२२ मध्ये सांगितलं की त्याची ‘फिलाडेल्फिया’तली भूमिका आज स्ट्रेट नटाला करता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. मी एवढ्या टोकाला जात नाही.) पण उघडपणे गे असलेल्या नटाला कोणी नवऱ्याची, बापाची, हिरोची भूमिका देतं का? ते देत असाल तर स्ट्रेट नटाला गे भूमिका जरूर द्या. ऑडिशनला कोणालाही ‘तू आहेस का?’ विचारू नका. आणि प्रसिद्धीच्या मुलाखतीत ‘बायकोने परवानगी दिली’ हे तुणतुणं बंद करा, राव.

संहिता कोणाच्या हातात आहे, याने नट कोण यापेक्षा जास्त फरक पडतो. लेखक-दिग्दर्शक रोहन कानवडे स्वतः गे आहेत, वडिलांच्या जाण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यातून आलेल्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. हौशी संस्थेला एवढं नाही जमलं तरी पहिल्या वाचनाला गे माणूस बोलवता येतो. पहिल्याच वाचनाला हं, रंगीत तालमीला नव्हे; तेव्हा काहीच बदलता येत नाही. त्याला मानधन द्या, आणि श्रेयनामावलीत नाव हवं की नको ते आधी विचारा. ‘नको’ म्हणाला तर कारण विचारत बसू नका.