टी कोरोना बोरिॲलिसमधला राक्षसी तारा फुटणार नाही

उत्तर मुकुट तारकासमूहातल्या टी कोरोना बोरिॲलिसविषयी एक संदेश फार फिरतो आहे. त्याचा आशय असा: तो लाल राक्षसी तारा लवकरच फुटेल, त्याच्या वर्णपटातल्या (रंगांत विभागलेल्या प्रकाशातल्या) अतितप्त वायूच्या रेषा हा त्याचा पुरावा आहे, आणि स्फोटानंतर तारा कायमचा नाहीसा होईल. उद्रेक अपेक्षित आहे एवढे खरे. बाकी तिन्ही विधाने चुकीची आहेत.

पहिले म्हणजे, हा एकटा तारा नाही. एक लाल राक्षसी तारा (फुगलेला, थंड तारा) आणि एक श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा लहान, तप्त गाभा) सुमारे २२७.६ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. राक्षसी ताऱ्यातून ओढला जाणारा हायड्रोजन श्वेतबटूवर साचत जातो आणि पेट घेतो तो हा साचलेला थर.

वर्णपटाचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण तिथे खऱ्या निरीक्षणातून खोटा निष्कर्ष काढला आहे. तप्त वायूच्या रेषा दिसतात, पण त्या जोडीदाराच्या, म्हणजे श्वेतबटूच्या, प्रारणाने आयनीभूत झालेल्या (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) वायूच्या आहेत. हा वायू आणि तप्त जोडीदार यांचा प्रकाश दृश्य वर्णपटात मिसळतो, त्यामुळे केवळ त्यावरून राक्षसी ताऱ्याचा वर्ग (तापमानानुसारचा प्रकार) ठरवणे बेभरवशाचे ठरते. म्हणूनच म्युर्सेट आणि श्मिड या खगोलशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये सुमारे १०० सहजीवी द्वैतींतल्या (राक्षसी तारा आणि तप्त जोडीदार अशा जोड्यांतल्या) थंड ताऱ्यांचे वर्गीकरण करताना मुख्यतः निकट-अवरक्त (लाल रंगाच्या लगत पलीकडचे) वर्णपट वापरले. तिथे राक्षसी ताऱ्याचाच प्रकाश वरचढ असतो आणि टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे स्पष्ट दिसतात. हा रेणू केवळ थंड वातावरणातच टिकतो. तापमान जितके कमी, तितके पट्टे गडद. या पद्धतीने वर्ग साधारण एका उपवर्गापर्यंत अचूक ठरतो. २.३ मायक्रॉनजवळचे कार्बन मोनॉक्साइडचे पट्टेही राक्षसी ताऱ्यांत ठळक असतात. टी कोरोनातला राक्षसी तारा 'एम' या थंड ताऱ्यांच्या वर्गाचा, साडेतीन हजार केल्विनच्या आसपासचा आहे. ज्याच्या वातावरणात रेणू शाबूत आहेत, त्याला अतितप्त म्हणता येणार नाही.

राहिला नाहीसे होण्याचा प्रश्न. १८६६ आणि १९४६ मध्ये असेच उद्रेक झाले. दोन्ही वेळा दहाव्या प्रतीच्या (प्रत हे तेजस्वितेचे माप; अंक जितका लहान, तितका तारा तेजस्वी) आसपासची ही जोडी दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळली आणि काही दिवसांतच नुसत्या डोळ्यांना दिसेनाशी झाली. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा हे मंदावणेच नष्ट होणे मानले असावे. आरएस ओफियुची ही अशाच प्रकारची जोडी २००६ मध्ये उजळली, तेव्हा माउंट अबूच्या गुरुशिखरावरील दुर्बिणीतूनही तिचे अवरक्त वर्णपट घेतले गेले. तिच्यातला राक्षसी तारा त्या उद्रेकातून शाबूत राहिला, आणि २०२१ मध्ये तीच जोडी पुन्हा उजळली.