आमचं घर दुपारी रिकामं होतच नाही

होमस्कूलिंग करतो, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतो म्हटलं की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले, मुलं मिसळणार कशी आणि परीक्षेचं काय. तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही, की बाई गं तुझ्या घरातला केर कोण काढतं आणि कधी! आज त्याच्यावरच लिहितेय, कारण आमचं चौथं वर्ष चालूये आणि त्यातली पहिली दोन मी निम्मी रडत, निम्मी ओरडत काढलीत.

एक साधी गोष्ट कळायला मला दीड वर्ष लागलं. मुलं शाळेत जातात ते घर दिवसातले पाच-सहा तास शांत असतं, सकाळी आवरून ठेवलं की निदान दुपारपर्यंत आवरलेलं राहतं. आमच्याकडे नाश्ता घरात, जेवण घरात, मधल्या वेळचं खाणं घरात, आणि त्यात कात्रणं, रंगाच्या वाट्या, अर्धवट बांधलेला पूल (त्याला हात लावायचा नाही, तो वाळतोय), अकराला झाडलेली खोली साडेअकराला ओळखू येत नाही. आणि मी बसले होते स्वतःची तुलना करत, कुणाशी तर ज्यांच्या घरी दुपारी चिटपाखरू नसतं त्यांच्याशी.

मग मी तेच केलं जे सगळे करतात, टाइमटेबल. चार रंगांचे स्केचपेन, 9 ते 9.45 गणित, 9.45 ते 10.30 भाषा, मग दहा मिनिटांत कपडे मशीनला. तिसऱ्या दिवशी बोंबललं. चूक अशी होती की मी घरात शाळा उभी करत होते, आणि शाळेच्या तासातला कितीतरी वेळ हजेरी, वह्या गोळा करणं, गप्प बसा यात जातो हे विसरत होते. समोर एकच मूल असेल तर एवढा वेळ लागतच नाही. शार्लट मेसन म्हणून एक ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ होत्या (1842 ते 1923), त्यांचं म्हणणंच होतं की लहान मुलांचा धडा पंधरा-वीस मिनिटांचा हवा, पण पूर्ण लक्ष देऊन. माझी सहा वर्षांची तेवढंच बसते. दहा वर्षांचा जरा जास्त. सगळं धरून रोज दोन-अडीच तास बसून अभ्यास आम्हाला पुरतो, बाकी वाचन-खेळ-उद्योग चालूच असतात.

पण त्या अडीच तासांत घरकाम शून्य, यावर मी आता हट्टी झालेय. पूर्वी अपूर्णांक शिकवता शिकवता मधेच उठून भांडी लावायचे आणि परत आले की पोराला म्हणायचे, हं, कुठे होतो आपण. सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये यावर संशोधन केलंय, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक तुकडा पहिल्यातच अडकून राहतो. माझा तर कायम सिंकमध्येच अडकलेला असायचा.

एक दिवस रंगाचं पाणी सांडलं. वाटीभर पाणी फक्त. मी एवढी ओरडले की मुलगा शांतपणे म्हणाला, आई मी शाळेत असतो तर तू चिडली नसतीस ना? मी काही बोलले नाही, फडकं आणायला गेले आणि तिथेच उभी राहिले बराच वेळ.

त्या रात्री नवऱ्याशी बोलले. तो नेहमीचंच म्हणाला, अगं मी करतो ना, तू फक्त सांग काय करू. आता हे "सांग" हेच तर काम आहे! अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2019 मध्ये घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे चार तुकडे मांडलेत, काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं का ते बघत राहणं. त्यांनी ज्या जोडप्यांशी बोलून हे मांडलं त्यांच्यात ठरवायला दोघंही असायचे, पण पहिला आणि शेवटचा तुकडा जास्त करून बायकांकडेच. वाचताना मला हसूच आलं.

म्हणून आम्ही कामं वाटली नाहीत, अख्खी देऊन टाकली. कपडे नवऱ्याचे, म्हणजे मशीन लावण्यापासून पावडर संपत आलीये हे लक्षात येण्यापर्यंत सगळं. पहिल्याच आठवड्यात दोन दिवस कुणालाच धुतलेला टॉवेल नव्हता आणि मी दात-ओठ आवळून गप्प बसले. दुपारची भांडी मुलाकडे, मोजे जुळवणं मुलीकडे. ती वेगवेगळ्या रंगांच्या जोड्या लावते, आम्ही तसेच घालतो.

इथे आमच्याच होमस्कूलिंगवाल्या लोकांशी माझं थोडं वाजतं. घरकाम हेच शिक्षण आहे म्हणे, भांडी घासताना आकारमान शिकवा, घड्या घालताना भूमिती. अरे घासू द्या की त्याला नुसती भांडी! प्रत्येक गोष्टीचा धडा करायचा म्हणजे तो धडा तयार करणारी परत मीच.

हे सगळ्यांना जमेल असं अजिबात म्हणत नाहीये. एकटी आई किंवा एकटा बाप हे करत असेल तर देऊन टाकायला दुसरा माणूसच नसतो, तिथे माझ्या मते अभ्यास आणि पसारा दोन्हीतलं काहीतरी सरळ सोडावं लागतं, आणि ते सोडल्याबद्दल बाहेरच्यांनी तोंड उघडू नये.

माझंही सगळं सुटलंय असं नाही. चौथा तुकडा अजून हातातून सुटत नाही. काल रात्री सगळे झोपल्यावर जाऊन पावडरचा डबा उचलून बघितला, किती उरलीये ते.