काचेची भोकं आणि आत्याच्या कैऱ्या

पाच किलो कैऱ्या फेकाव्या लागल्या, म्हणून हे लिहितोय. एरवी व्हॉट्सअॅपवरचं विज्ञान मी वाचतो आणि सोडून देतो.

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या आत्याच्या भिशीच्या ग्रुपवर ‘काचेचं सत्य’ नावाचा फॉरवर्ड फिरतोय. सोबत मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा फोटो, खाली ‘मायक्रोस्कोपमधून दिसणारी काच’. म्हणणं असं: काचेला बारीक भोकं असतात, त्यांतूनच उजेड आरपार जातो. उन्हाळ्यात ती मोठी होतात, जंतू आत शिरतात आणि लोणचं बिघडतं. म्हणून रिकामी बरणी गॅसच्या आचेवर फिरवा, भोकं मिटतात. आजी चिनीमातीची बरणी वापरायची ती याच कारणानं. शिवाय काच हा द्रव आहे, तिच्यात स्फटिकऊर्जा असते, आणि शेवटी अर्थातच नासा.

आत्यानं बरणी फिरवली. बूड सुटून खाली आलं आणि तुकडे उडाले ते थेट बाजूच्या परातीत, मीठ-हळद लावून ठेवलेल्या फोडींमध्ये. अंगठा जरासा कापला, तेवढ्यावर निभावलं. “काहून फुटली रे? मी तर मंद आचेवरच फिरवून राहिली होती!”

मंद असली तरी आचच ती. काचेतून उष्णता फार सावकाश पसरते. तापलेला भाग फुगायला बघतो, शेजारचा थंड भाग त्याला फुगू देत नाही, आणि ही ओढाताण सोसली नाही की काच तडकते. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेटच्या भांड्यांपेक्षा साध्या बरणीची काच जवळपास तिप्पट प्रसरण पावते. ती मऊ पडायलाच सातशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. नागपूरचा मे महिना कितीही भाजून काढत असला तरी पारा पंचेचाळीस-सत्तेचाळीसवरच थांबतो. म्हणजे उन्हाळ्यात भोकं मोठी होणं आणि गॅसवर ती मिटणं, दोन्ही एकाच झाडाची पानं.

आणि मिटवायला मुळात भोकं तर हवीत! मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, मायक्रोस्कोप रोज हाताळतो. एका रविवारी आत्याला घेऊन गेलो. कोरी स्लाइड लावली, चारशे पट करून म्हटलं, बघ. बराच वेळ डोळा लावून बसली. “अरे, इथं तर काहीच दिसून नाही राहिलं.” स्केचपेनचा एक ठिपका दिला, मग कुठे फोकस जमला. त्या पातळीवर धूळ दिसली, एक ओरखडा दिसला, बोटाचा तेलकट ठसा दिसला. काच नाही दिसली. मायक्रोस्कोपची लेन्स काचेची, स्लाइड काचेची, कव्हरस्लिप काचेची. काचेची भोकं या यंत्रातून दिसत असती तर कांद्याचा पापुद्रा कुणालाच कधी दिसला नसता. मग फुटक्या स्लाइडचा तुकडा ठेवला. कडेला शिंपल्यासारख्या वळ्या दिसल्या. वरून ग्लिसरीनचा थेंब सोडला तशी कड पुसट झाली, कारण ग्लिसरीन आणि काच उजेडाला जवळजवळ सारखंच वळवतात. पारदर्शक वस्तू बघायची अडचण ही असते.

मग काचेची आतली रचना कुणी पाहिलीच नाही का? पाहिली आहे, पण उजेडानं नव्हे. 1932 साली झकारियासन या शास्त्रज्ञानं कागदावर काचेचं चित्र काढलं होतं: सिलिकॉन-ऑक्सिजनची कडी कडीत गुंतलेली, पण स्फटिकासारखी ओळीत नाही, वेडीवाकडी. 2012 मध्ये अमेरिकेतलं कॉर्नेल आणि जर्मनीतलं उल्म इथल्या संशोधकांनी ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड पापुद्र्यावर, योगायोगानं तयार झालेला काचेचा अतिपातळ थर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला. चित्र जवळपास तेच निघालं. कुठे पाच कोनी कडं, कुठे सहा, कुठे सात. फॉरवर्डमधली जाळी इतकी नेटकी आहे की ती काच असूच शकत नाही.

आता एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. त्या कड्यांमध्ये पोकळी असते, आणि हेलियमसारखा चिमुकला अणू शुद्ध सिलिकाच्या काचेतून हळूहळू झिरपतो. पण ही पोकळी एका नॅनोमीटरहूनही (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही) लहान, आणि लोणचं नासवणारा जंतू साधारण हजार नॅनोमीटरचा. सुईच्या नेढ्यातून बैलगाडी. उजेडाची लहर चारशे ते सातशे नॅनोमीटरची, तिलाही या पोकळीतून वाट काढायची गरज नाही. दिसणाऱ्या उजेडात काचेतल्या इलेक्ट्रॉनना वरच्या ऊर्जापातळीवर ढकलण्याइतकी ऊर्जाच नसते, म्हणून तो शोषला जात नाही. वर आत त्याला विखुरणाऱ्या कडाही नसतात. आत्याच्या ओट्यावर पडलेला काचेचा बारीक भुगा पांढरा दिसत होता. काच तीच, फक्त कडा हजारो झाल्या.

चिनीमातीच्या बरणीचं तर हसू आलं. तिचा चकचकीत लेप हीसुद्धा काचच! लोणच्याला बुरशी येते ती ओल्या चमच्यानं.

उरलेलं पटकन. काच वाहते आणि जुन्या खिडक्या खाली जाड होतात, ही गोष्ट मलाही शाळेत सांगितली होती. जुन्या पद्धतीनं केलेले तावच एकसारख्या जाडीचे नसायचे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चच्या काचेवरून हिशेब केला तर अब्ज वर्षांत ती फार तर एक नॅनोमीटर सरकेल. स्फटिकऊर्जा? काच म्हणजेच स्फटिक न झालेला पदार्थ. नासाबद्दल काय बोलायचं.

आत्यानं नवी बरणी आणली, धुऊन गच्चीवर उन्हात वाळत ठेवली आहे. ग्रुपवर मी हे सगळं थोडक्यात टाकलं. त्याखाली दोन अंगठे आले. फॉरवर्डखाली अकरा नमस्कार आहेत, त्यातला एक आत्याचा. काढायला सांगितलं तर म्हणते, “राहू दे, देशपांडे काकूंना वाईट वाटेल.”