घरी आणल्यावर पुढे काय?

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या मुलावरचा तुमचा लेख 'दवाखान्यातून सुखरूप घरी आला आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला' इथेच थांबतो, ते मला पटलं नाही. माझा पुतण्या १९ व्या वर्षी अशाच प्रयत्नातून वाचला. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. वहिनी महिनाभर रात्री दाराला पाठ लावून झोपायची, पण दिवसा त्या विषयावर घरात चकार शब्द नाही. पानठेल्यावरची पोरं तो दिसला की गप्प. 'काका, मी आलो की सगळे बोलणं थांबवतात,' हे तो मला पऱ्हाटीत डवरणी चालू असताना म्हणाला, तेही सहा महिन्यांनी.

खरं तर घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिनेच सर्वांत जपायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, ज्यात चेन्नईही होतं, अशा लोकांना एकदा नीट समजावून पुढच्या १८ महिन्यांत ९ वेळा फोनवर किंवा भेटून विचारपूस केली, तर नंतरचे मृत्यू कमी झाले. आमच्याकडे तपासणी म्हणजे एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी बुडणार. दुसऱ्या तारखेनंतर जाणं सुटलं, तिकडूनही कोणी विचारलं नाही. आशाताईंना वेगळा मोबदला देऊन हे काम द्या ना! आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर सुटीच्या कागदावर ठळक छापा, तिथे मराठीत बोलता येतं. आम्हाला तो कोणी सांगितलाच नव्हता.

पुतण्या आता आयटीआयला जातो. त्या वर्षी दर रविवारी न चुकता घरी येऊन बसणारा एकच होता, त्याचा शाळेतला मित्र.