पायऱ्यांखाली शून्य नोंदी

वायरमन जिन्याखाली उकिडवा बसला होता, त्याचा गुडघा इन्व्हर्टरच्या बॅटरीला टेकला होता, आणि माझा लॅपटॉप मला ठामपणे सांगत होता की पायऱ्यांखाली काहीही नाही.

बॅटरी कधी घेतली, एवढेच त्याने विचारले होते; 36 महिन्यांची हमी उरली आहे की संपली, ते त्यावर ठरणार होते. बिलासाठी कपाट उपसणाऱ्यांतला मी नव्हे. घरातली प्रत्येक वस्तू मी टिडलीविकीत, म्हणजे टिपणे ठेवायच्या एका संगणकी वहीत, नोंदवली आहे : वस्तूमागे एक टिपण, टिपणाला ‘घर’ असा टॅग, आणि जागा, प्रकार, खरेदी, हमी असे रकाने. चौकटी कंसांत टॅग आणि रकाना लिहिला की हवे तेवढेच गाळून समोर येते. मी ‘जागा’पुढे ‘पायऱ्यांखाली’ लिहिले. उत्तर आले : शून्य.

“काय म्हणतोय?” वायरमनने विचारले.

“पायऱ्यांखाली काही नाही म्हणतो.”

त्याने आधी बॅटरीकडे, मग स्वतःकडे पाहिले. “मग मी कुठं बसलोय, काका?”

वीज गेलेली, इन्व्हर्टर बंद आणि लॅपटॉपमध्ये 11 टक्के जीव, अशा अवस्थेत मी वरच्या साध्या शोधपेटीत ‘बॅटरी’ लिहिले. भिंतीवरचे घड्याळ आणि टॉर्च अशी दोन टिपणे निघाली.

“घड्याळाचीपण हमी बघताय का?” त्याने अत्यंत अदबीने विचारले, आणि ती अदबच मला जास्त झोंबली. मग तो म्हणाला, “तुमचं चालू द्या, मी बसतो,” आणि जणू वराकडच्या मंडळींची वाट पाहायची आहे अशा बेताने त्याने खरोखरच मांडी घातली.

विकी हा शब्द हवाई बेटांवरचा असून त्याचा अर्थ झटपट असा आहे. 1995 साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाही बदलता येणारे संकेतस्थळ, काढली, तेव्हा होनोलुलूच्या विमानतळावरील ‘विकी विकी’ बसवरून त्यांनी हे नाव घेतले. ही माहिती मी वायरमनला दिली नाही.

खरी गोम रात्री कळली. ती शोधपेटी आपण होऊन फक्त शीर्षक, टॅग आणि मजकूर चाळते. जे मी शहाणपणाने रकान्यांत भरले, त्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. शीर्षक मी मॉडेल क्रमांकाचे ठेवले होते, आणि ‘प्रकार’ या रकान्यात, शुद्ध मराठीच्या कुठल्याशा उमाळ्यात, ‘विद्युतघट’ असे लिहिले होते, जो शब्द मी तोंडाने कधी उच्चारलेला नाही. हा दोष माझा, मान्य. परंतु ‘पायऱ्या’चे काय? ती नोंद मी फोनवरून केली होती, आणि त्या कळफलकाने साध्या ‘र’चा पाय मोडून त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवले होते, लॅपटॉपचा कळफलक मात्र नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतो. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. गाळणी मात्र संगणकाने प्रत्येक अक्षराला दिलेले आकडे जुळवते, तेव्हा तिच्या लेखी माझ्या घराला दोन निरनिराळे जिने आहेत. दुसऱ्या, तिसऱ्या, कोपऱ्यातल्या, बऱ्याच : मराठी माणसाने या अक्षराला वळसा घालून वस्तू ठेवायच्या तरी कुठे? गेली कित्येक वर्षे मी एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहीत आलो, आणि आता तो दोन्हीकडून शोधायची मजुरीही माझ्याच माथी आहे.

वायरमनने मात्र एव्हाना बॅटरी थोडी पुढे ओढून मागची धूळ अंगठ्याने पुसली होती. तेथे दुकानदाराने मार्करने तारीख घातलेली होती. हमी संपून नऊ दिवस झाले होते.

“माझा नंबर त्या वहीत घालून ठेवा,” जाताना तो म्हणाला. मी फोन काढेपर्यंत त्याने खिशातून मार्कर काढला आणि मला न विचारता तो नंबर बॅटरीवर, त्या तारखेखाली, ठळक लिहून टाकला.