तीन मशिनी, तीन उत्तरं, म्हणून मोजमापच खोटं? (निपाणीच्या दादांना उत्तर)

दादा, तुमची कॉमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की रोझेटा यानावर धूमकेतूची धूळ मोजायला तीन मशिनी होत्या, एक म्हणतंय कण घट्ट, दुसरं म्हणतंय पोकळ, तिसरं म्हणतंय कणातच अजून बारीक कण, मग कुणालाच काय कळलं नाही आणि मी मात्र "मोजलं" म्हणून लिहितोय.

मला हे पटत नाही ओ. त्या तिघी एकच गोष्ट मोजतच नव्हत्या की. गियाडा, कोसिमा आणि मायडास ही त्या तिघींची नावं. गियाडामधी कण आत येताना लेसरच्या पडद्यातून जायचा, तिथं वेग कळायचा, मग प्लेटवर आपटला की धक्का किती बसला ते कळायचं, दोन्ही मिळालं की वजन निघतं. कोसिमा धातूच्या छोट्या प्लेटा बाहेर धरायची, कण चिकटले की फोटो काढायची, मग त्यावर इंडियम धातूच्या आयनांचा, म्हणजे विजेचा भार असलेल्या अणूंचा, मारा करून कण कशाचा बनलाय ते बघायची. मायडास तर एकदम बारीक कणावरून सुई फिरवून त्याचा उंचसखलपणा काढायची. आपल्या खानापूरकडं भाताला वारं देताना दाणा पायाशी पडतो आणि भुसकट लांब जातं, आता पायाशी बसलेला म्हणाला दाणा आहे, लांबचा म्हणाला भुसकट आहे, तर दोघांतला खोटा कोण?

आणि वेग बघा. १९८६ मध्ये जोत्तो यान हॅलेच्या धूमकेतूजवळनं सेकंदाला ६८ किलोमीटर वेगानं गेलं, त्या वेगात कण आपटला की त्याची वाफच होते, कशाचा बनलाय ते कळतं पण आकार कुठला राहायला! रोझेटा २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षं ६७पी ह्या आपल्या धूमकेतूच्या सोबतच फिरत होती, कण सेकंदाला काही मीटर इतक्या हळू यायचे, म्हणून कोसिमाच्या प्लेटांवर ३५ हजारांहून जास्त कण आणि तुकडे आकारासकट मिळाले, हे आधी कधीच झालं नव्हतं आणि मला ह्याचंच खरं कौतुक आहे.

तुमचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे, यान स्वतःच धूळ बिघडवत असेल तर? बिघडवतंय की. यानावर विजेचा भार असतो, त्यामुळं एकदम हलके पोकळ कण जवळ आल्यावर फुटायचे आणि गियाडाला एकाच्या जागी तुकड्यांचा सडा दिसायचा. पण पोकळ कण आहेत हे त्या सड्यावरनंच तर ओळखलं, घट्ट कण तसे फुटत नाहीत.

कणांच्या वजनात साधारण ४५ टक्के सेंद्रिय पदार्थ, म्हणजे कार्बनची संयुगं, हा आकडा कोसिमाचा. तो मोजक्या कणांवरनं काढलेला आहे हे तुम्ही बरोबर पकडलं, पण सरासरी काढायला वेगवेगळ्या वेळी पकडलेले कण घेतलेत, एकच चिमूट नाही.

खरा वाद कुठं आहे तर धूळ जास्त की बर्फ जास्त ह्यात, तिथं अजून एकमत नाही. कारण मोठे तुकडे ह्या मशिनींत मावतच नाहीत आणि वजनाचा मोठा वाटा त्यांच्यातच. त्यासाठी कॅमेऱ्याचे फोटो आणि यानाच्या रेडिओ सिग्नलवरनं काढलेलं धूमकेतूचं घटलेलं वजन, म्हणजे साधारण ०.१ टक्का, हे दोन्ही जोडून बघावं लागतं. त्यावर पुढची पोस्ट लिहितोय, तुमची शंका असली तर आत्ताच टाका, तिथं घेतो.